जुन्या मोटारीतील विजेचा जमाखर्च

मोटारीची कळ फिरवली, आणि इंजिन फिरण्याऐवजी आत कोठेतरी नुसता 'खट्' असा आवाज होऊन सर्व स्तब्ध झाले, म्हणजे 'बॅटरी गेली' असा निकाल देऊन मोकळे होण्याचा प्रघात आहे. हा निकाल पुष्कळदा चुकीचा असतो, आणि महागही पडतो. नवी बॅटरी बसवली की गाडी चार-आठ दिवस तत्परतेने सुरू होते, मालक समाधान पावतो, आणि पंधरवडा लोटतो न लोटतो तोच पुन्हा तोच 'खट्' ऐकू येतो. मग डायनॅमोवर आळ येतो, तो बदलला जातो. पाठोपाठ कटआउटची पेटी बदलली जाते. आणि इतके द्रव्य खर्चूनही ज्या एका गंजलेल्या सांध्याने हा सारा घोटाळा केला, तो जागच्या जागी सुखरूप राहतो. वास्तविक बॅटरी हे वीज उत्पन्न करणारे यंत्रच नव्हे. ती घरातली तिजोरी आहे. तिजोरी रिकामी आढळली तर शहाणा गृहस्थ नवी तिजोरी आणावयास धावत नाही. जमा थांबली, खर्च वाढला, की मधल्यामध्ये कोणी हात मारतो आहे, हे तो कीर्द उघडून पाहतो. जुन्या मोटारीच्या विजेची परीक्षा याच क्रमाने करावयाची असते.

हा विषय चिखलीसारख्या गावी विशेष जिव्हाळ्याचा आहे. इंद्रायणीकाठचे हे गाव 1997 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले; पण त्याच्या फार पूर्वीपासून त्याच्या वेशीपाशी मोटारींचा उद्योग नांदत होता. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, अवाढव्य कारखाना शेजारीच. त्यामुळे ज्यांच्या घरातील दोन-दोन पिढ्यांचे हात यंत्राला लागले आहेत अशी कुटुंबे येथे पुष्कळ आढळतात, आणि त्यांपैकी एखाद्याच्या अंगणात ताडपत्रीखाली वडिलांच्या वेळची फियाट उभी असावी यात नवल नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रेरणेने 1944 साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात 1954 पासून फियाट 1100 ही गाडी बांधावयास घेतली. तिचेच 1964 मध्ये आलेले रूप पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि 1974 च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी या नावाने रूढ झाले. कागदोपत्री नाव काहीही असो, लोकांनी तिला अखेरपर्यंत 'फियाट'च म्हटले. नव्या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले, आणि 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदतही संपली. टॅक्सीबरोबर तिची नाडी जाणणारे मिस्त्रीही पांगले. आजच्या तरुण कारागिराला गाडीला यंत्र जोडून दोषाचा क्रमांक वाचण्याची सवय असते. फियाट क्रमांक सांगत नाही. तिला विचारावे लागते, आणि ते विचारण्याची भाषा म्हणजे एक साधा व्होल्टमीटर, एक चाचणीचा दिवा आणि थोडा धीर.

धीराचे आणखी एक कारण चिखलीतच आहे. तिच्या हद्दीतील कुदळवाडी ही अनेक वर्षे भंगाराच्या गोदामांसाठी प्रसिद्ध होती. 2025 च्या फेब्रुवारीत महानगरपालिकेने तेथील हजारो बांधकामे पाडली, आणि तो व्यापार विखुरला. पण भंगाराचा नियम कोठेही एकच असतो: डायनॅमो तेथे पोचला म्हणजे तो तांबे आणि लोखंड या दोनच नावांनी ओळखला जातो. निर्दोष डायनॅमो उतावळेपणाने वजनावर विकला, तर तसाच दुसरा मिळविण्यासाठी किती दारे हिंडावी लागतात, हे जुन्या गाड्यांचे शौकीन जाणतात.

प्रथम तिजोरीच पाहावी. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात, आणि प्रत्येक घर भरलेल्या स्थितीत दोन व्होल्टहून थोडा अधिक दाब देते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर मीटर धरला असता 12.6 च्या आसपास आकडा आला, तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे अर्धीमुर्धी; आणि 11.8 ला ती रिकामी समजावी. घरांची झाकणे उघडता येत असतील तर आम्लाची घनता मोजण्याची काचेची नळी याहून अधिक सत्य सांगते. पाच घरांची घनता सारखी आणि सहाव्याची फारच कमी निघाली, तर मात्र बॅटरी खरोखरच दोषी होय. एरवी तिला बाहेरून पूर्ण भरून घ्यावे आणि मगच पुढची चौकशी करावी. कारण रिकाम्या बॅटरीवर घेतलेली कोणतीही परीक्षा विश्वसनीय नसते.

मग इंजिन सुरू करून, ते मध्यम गतीने चालत असता, पुन्हा त्याच खुंट्यांवर मीटर धरावा. आकडा 14 च्या आसपास चढला तर जमा चालू आहे. तो 12.5 वरच रेंगाळला, किंवा हळूहळू खाली उतरू लागला, तर जमा बंद आहे. तो 15 च्याही पुढे धावला, तर जमा बेताल झाली आहे. अशा गाडीत बॅटरीचे पाणी आठवड्या-आठवड्याला आटते आणि दिवे वारंवार जळतात. एवढ्या एका मोजणीने अर्धी शंका फिटते, आणि तरीही ती न करताच सुटे भाग आणावयास माणसे धावतात, हे आश्चर्य आहे.

ज्या गाड्यांत डायनॅमो आहे, त्यांत फलकावरचा तांबडा दिवा हा मोठा बोलका साक्षीदार असतो. त्याचे एक टोक कळीच्या मार्गे बॅटरीला, आणि दुसरे डायनॅमोला जोडलेले असते. दोन्हीकडचा दाब सारखा झाला म्हणजे दिव्यातून प्रवाह वाहत नाही आणि तो विझतो. म्हणून तो विझला याचा अर्थ दोन्ही बाजू समतोल झाल्या, इतकाच. कळ फिरविल्यावर दिवा मुळीच लागला नाही, तर दिवा जळाला आहे किंवा डायनॅमोतील कार्बन झिजून मार्ग तुटला आहे. इंजिनाची गती वाढवूनही तो विझला नाही, तर डायनॅमो काही देत नाही. आणि अशा वेळी सर्वांआधी पट्टा पाहावा, कारण तुटलेल्या किंवा सैल पट्ट्याने मोठमोठ्यांची फजिती केली आहे. पट्टा अंगठ्याने दाबला असता साधारण एक ते दीड सेंटिमीटर लवावा; त्याहून ताणला तर डायनॅमोचे बेअरिंग खराब होते. रात्री मोठे दिवे लावल्यावर तांबडा दिवा मंद मंद तेवत असेल, तर डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामध्ये एखादा सांधा किंवा कटआउटचे टोक दाब गिळत आहे असे समजावे. आणि कळ काढून घेतल्यावरही तो मिणमिणत राहिला, तर क्षणाचाही विलंब न लावता बॅटरीची तार काढावी. कटआउट चिकटून राहिले आहे, आणि बॅटरी आपली सारी वीज उलट डायनॅमोत ओतून त्याला जाळण्याच्या मार्गावर आहे, असा त्याचा अर्थ असतो.

जमा बंद आहे असे ठरल्यावर दोष डायनॅमोचा की पेटीचा, हे निवडावयाचे राहते. त्यासाठी डायनॅमोच्या दोन्ही तारा सोडून त्याला पेटीपासून अलग करतात. ज्या बनावटीत चुंबकाच्या वेटोळ्याचे एक टोक डायनॅमोच्या आतच अंगाला जोडलेले असते, त्या बनावटीत डायनॅमोचे मोठे आणि लहान अशी दोन्ही टोके एका आखूड तारेने एकत्र करावी, ती तार आणि गाडीचे उघडे लोखंड यांच्यामध्ये मीटर धरावा, आणि इंजिनाची गती अगदी हळूहळू वाढवावी. सुदृढ डायनॅमोचा आकडा झपाट्याने आणि न अडखळता वीस व्होल्टपर्यंत चढतो. तेथेच थांबावे, हौसेने पुढे जाऊ नये. आकडा शून्यच राहिला तर कार्बन आणि त्याची स्प्रिंग पाहावी. एक व्होल्टपर्यंतच रांगला, तर लोखंडात मुरलेले चुंबकत्व तेवढे काम करते आहे पण वेटोळ्यात प्रवाह जात नाही, असे ठरते. चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचरविषयी संशय घ्यावा. काही बनावटींत वेटोळ्याची रचना याच्या उलट असते, आणि त्यांना ही परीक्षा लागू पडत नाही. म्हणून गाडीचे पुस्तक किंवा त्या गाडीचा जाणता मिस्त्री यांच्याकडून बनावट निश्चित केल्याशिवाय तार लावू नये.

फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत आणखी एक गंमत घडते. डायनॅमोच्या लोखंडात मुरलेले ते थोडेसे चुंबकत्वच त्याच्या उद्योगाचे मूळ भांडवल असते, आणि दीर्घ विश्रांतीत ते कधी कधी नाहीसे होते. डायनॅमोत काहीही मोडलेले नसते. केवळ भांडवलावाचून धंदा अडलेला असतो. वेटोळ्याची तार पेटीपासून सोडून, वर सांगितलेल्या बनावटीत, तिच्या टोकाला बॅटरीच्या जिवंत टोकाचा क्षणभर स्पर्श केला की ते भांडवल परत मिळते. जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी अनेकांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असे, फियाटमध्ये ऋण टोक असते. या भेदाकडे दुर्लक्ष केले तर डायनॅमो उलट दिशेने वीज देऊ लागतो.

पेटीविषयी थोडक्यात सांगणे पुरे. तीत कटआउट हा दरवान असतो: डायनॅमोचा दाब साधारण 13 व्होल्टच्या आसपास पोचला की तो दार उघडतो, आणि दाब उतरला की बॅटरीची वीज मागे जाऊ नये म्हणून ते लावून घेतो. शेजारचे वेटोळे दाबाला, आणि काही पेट्यांत तिसरे प्रवाहाला, आवर घालते. त्यांची टोके काळी पडतात. ती हलक्या हाताने साफ करून पुसावी. परंतु पेटीतले स्क्रू मोजमाप केल्यावाचून पिळणे यासारखा आत्मघातकी उद्योग दुसरा नाही.

आता खऱ्या मर्मस्थानाकडे वळावयाचे. डायनॅमो आणि पेटी निर्दोष ठरल्या आणि तरीही गाडीचे रडगाणे चालूच राहिले, असे जेव्हा होते, तेव्हा चोर बहुधा परतीच्या वाटेवर सापडतो. विजेला जाण्यासाठी तार लागते हे सर्वांना दिसते. पण तिला बॅटरीकडे परत येण्यासाठीही वाट लागते, आणि मोटारीत ती वाट म्हणजे गाडीचे लोखंडी अंग. मिस्त्री तिला 'अर्थिंग' म्हणतात. इंजिन रबराच्या बैठकींवर बसविलेले असल्यामुळे ते विजेच्या दृष्टीने गाडीपासून तुटलेलेच असते. त्याला अंगाशी जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. तीस-चाळीस पावसाळ्यांनी ती हिरवी पडते, तिचे धागे तुटतात, किंवा कोणी रंगारी तिच्या बुडाखाली रंगाचा जाड थर देऊन ठेवतो. मग सेल्फचा शंभर-दीडशे अँपिअरचा लोंढा परतीसाठी दुसरी वाट शोधतो, आणि चोकची किंवा वेगाच्या पायदळाची पोलादी तार त्याला सापडते. चोकची तार हाताला चटका देते, क्वचित तिच्यातून धूरही निघतो, आणि पाहणारा चकित होतो की चोकमध्ये वीज आली कोठून!

येथे एक तर्क फार फसवा आहे. 'दिवा लागतो, म्हणजे सांधा चांगला' असे सर्रास मानले जाते. समजा, एखाद्या गंजलेल्या सांध्याचा विरोध एका ओहमचा केवळ पन्नासावा भाग आहे. चाचणीच्या दिव्याला अर्धा अँपिअर लागतो. तेवढ्या प्रवाहाला त्या सांध्यात एक शतांश व्होल्ट द्यावा लागतो, आणि दिवा लखलखीत लागतो. त्याच सांध्यातून सेल्फचे दीडशे अँपिअर जाऊ लागले की तीन व्होल्ट तेथेच गडप होतात. पायवाटेच्या साकवावरून एक माणूस सुखाने पलीकडे जातो. त्यावरून पालखीसोहळा जाईल असे अनुमान कोणी काढू नये.

म्हणून सांधा तपासावयाचा तो भार घालून. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, पकडीवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खुंटीवर धरावे, आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर. ठिणगीच्या कॉइलची तार काढून ठेवून सेल्फ फिरवावा. वास्तविक या दोन टोकांत काहीच अंतर नसावे. आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा वर गेला तर वाटेत चोर आहे. मग मीटरचे दुसरे टोक इंजिनावरून पट्टीवर, पट्टीवरून गाडीच्या अंगावर, तेथून पकडीवर असे पायरीपायरीने मागे आणावे. ज्या पायरीला आकडा एकदम खाली पडतो, त्या पायरीतच तो सापडतो. सांधा उघडून, लोखंड चकाकेपर्यंत घासून, घट्ट आवळून, वर थोडे पेट्रोलियम जेली लावले की दुरुस्ती संपली. तिला पैसा जवळजवळ लागत नाही, आणि म्हणूनच कदाचित ती कोणी सुचवीत नाही.

मंद दिव्यांनाही हाच न्याय लागू आहे. बॅटरीवर 12.5 व्होल्ट आणि मोठ्या दिव्याच्या टोकांवर 10.5 आढळले, तर वाटेत दोन व्होल्ट हरवले. दोन व्होल्ट ऐकावयास थोडे वाटतात. पण दिव्याचा प्रकाश दाबाच्या मानाने फार झपाट्याने घटतो, आणि एवढ्या तुटीने तो जवळजवळ निम्म्यावर येतो. नाशिक रस्त्यावरच्या अवजड वाहनांच्या गर्दीत रात्री निम्म्या प्रकाशात गाडी हाकणे हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही.

काही गाड्यांत जमा ठीक, सांधे ठीक, आणि तरी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. तेथे खर्च गुपचूप चालू असतो. सर्व काही बंद करून, दारे लावून, बॅटरीची ऋण तार काढावी आणि ती तार व खुंटी यांच्यामध्ये चाचणीचा दिवा धरावा. दिवा लागला तर कोठेतरी वीज झिरपते आहे. मग एकेक फ्यूज काढीत जावे; ज्या फ्यूजबरोबर दिवा विझेल त्या शाखेत गळती आहे. एकाही फ्यूजने विझला नाही, तर मागील पन्नास वर्षांत कोणीतरी रेडिओ, पंखा किंवा जोराचा भोंगा थेट बॅटरीवर जोडून ठेवला आहे काय हे पाहावे. जुन्या गाडीच्या तारांत प्रत्येक मालकाचा आणि प्रत्येक मिस्त्रीचा हात उमटलेला असतो. मूळ रंग जाऊन लाल तारेला काळी, काळीला निळी असा गोतावळा झालेला असतो.

आणि याच गोतावळ्यात खरे भय आहे. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी सिगारेटची चांदी किंवा जाड तार गुंडाळण्याची युक्ती अनेकांनी केलेली असते. फ्यूज हा मुद्दाम दुबळा ठेवलेला दुवा आहे. तो तुटावा आणि बाकीचे वाचावे हेच त्याचे काम. तो बळकट केला की पुढचा दुबळा दुवा म्हणजे फलकामागे सुकून तडकलेल्या वेष्टनाची तार, आणि इंजिनाजवळ तिच्या शेजारूनच पेट्रोलची नळी गेलेली असते. बॅटरीपासून सेल्फकडे जाणाऱ्या जाड तारेला तर बहुधा फ्यूजच नसतो. ती कोठे लोखंडावर घासत असेल तर तेवढी एक गोष्ट उद्यावर टाकू नये. कोणतेही काम करण्यापूर्वी बॅटरीची अंगाला जोडलेली तार प्रथम काढावी आणि काम संपल्यावर ती सर्वांत शेवटी जोडावी. ऋण बाजूस एक फिरकीचा खटका बसवून गाडी उभी करताना तो बंद करणे, हा उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी स्वस्तातला उत्तम विमा आहे.

कधी कधी मात्र सारे तपासून होते आणि दोष कोठेच नसतो. डायनॅमो हा मंद गतीत काही कमावत नाही. इंजिन नुसते धुगधुगत असता तांबडा दिवा लुकलुकतो तो याचमुळे, आणि त्यात वावगे काही नाही. जुन्या लहान गाड्यांचा डायनॅमो भर वेगात पंधरा ते वीस-बावीस अँपिअर देतो. रात्रीच्या प्रवासात कॉइलला तीन-चार आणि दिव्यांना आठ-नऊ मिळून बारा अँपिअर सहज लागतात. चिखलीहून देहूला किंवा आळंदीला मोकळ्या रस्त्याने गेल्यास गाडी सेल्फला दिलेली वीज काही मिनिटांतच परत मिळवते. पण तीच गाडी संध्याकाळी दिवे लावून भोसरीच्या कोंडीत अर्धा तास उभी राहिली, तर सहा अँपिअर-तासांची तूट पदरी घेऊन घरी येते. आठवड्यात एकदाच, आणि तीही अशीच, निघणाऱ्या गाडीची तिजोरी रिती होणारच. तिला अधूनमधून बाहेरून भरणा द्यावा, इतकाच उपाय.

यावर अल्टरनेटर बसविण्याचा सल्ला हमखास दिला जातो. तो मंद गतीतही वीज देतो हे खरे. परंतु त्याचा जोरदार प्रवाह जुन्या बारीक तारांतून आणि फलकावरच्या अँपिअरमीटरमधून नेता येत नाही. त्यासाठी जाड तार वेगळी ओढावी लागते. बॅटरी उलट जोडली गेली, किंवा इंजिन चालू असता तिची तार निघाली, तर त्याचे डायोड क्षणात जळतात. शिवाय गंजलेली अर्थिंगची पट्टी तशीच ठेवून बसविलेला अल्टरनेटर त्याच गंजाशी झगडत राहतो. 2021 साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीची सोय केली; तीत वाहनाचे मूळ स्वरूप राखले जावे आणि सांगाडा, अंग व इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत अशी अपेक्षा आहे, आणि अशा गाडीचा नित्याचा वापरही अभिप्रेत नाही. ज्या गाडीला वर्षातून चार मेळावे आणि काही रविवार एवढेच चालावयाचे आहे, तिला मूळचा डायनॅमो पुरतो. अल्टरनेटर बसवावयाचाच असेल, तर कोणतीही पट्टी किंवा आधार न कापता बसवावा. काढलेल्या डायनॅमोचे कार्बन सोडून वेगळ्या पुडीत बांधावे, दांड्याला तेलाचा हात द्यावा, आणि तो जाड कागदात गुंडाळून, कोणत्या तारेला कोणते टोक होते याची चिठ्ठी आत ठेवून, घरातच कोरड्या जागी ठेवावा.